फॅट सॅट फसतं तेव्हा: स्कॅन रिपीट करण्याआधी काय बघायचं

संध्याकाळी सव्वासातला आमच्या नव्या टेक्निशियनने हाक मारली. "ताई, जरा येता का? घोट्याचं फॅट सॅट तीनदा घेतलं, तरी तसंच येतंय." फॅट सॅट म्हणजे एमआरआयच्या चित्रातली चरबी दाबून काळी करायची पद्धत. कन्सोलवर बघितलं तर बाहेरच्या घोट्याच्या कडेला पांढराफटक पट्टा. तिन्ही वेळा त्याच जागी, त्याच आकाराचा. आत रुग्ण पाऊण तास पाय न हलवता पडलेला, बाहेर दोन नंबर ताटकळलेले.

एमआरआयवर काम करणाऱ्याला हे चित्र नवं नाही. यावर आपला पहिला उपायही ठरलेला असतो: रिपीट. सुरुवातीची दोन वर्षं मीही तेच केलं. रुग्ण हलल्यामुळे चित्र बिघडलं असेल तर रिपीट करून उपयोग होतो. चरबी दबली नसेल तर होत नाही. पायाची जागा तीच, शिम (चुंबकक्षेत्र एकसारखं करायची जुळणी) तोच, सेंटर फ्रिक्वेन्सी (मशीन पाण्याची म्हणून धरतं ती वारंवारता) तीच, मग पट्टा जाणार कुठे?

तो पट्टा नुसता दिसायला वाईट असता तर चाललं असतं. पण फॅट सॅट लावलेल्या टी-२ चित्रात पांढरं म्हणजे पाणी, आणि हाडात पाणी म्हणजे सूज, मुका मार, जंतुसंसर्ग किंवा आणखी काही. प्रौढ माणसाच्या हाडातल्या मगजात चरबी भरपूर असते. ती एखाद्या कोपऱ्यात दबली नाही की अगदी सुजेसारखी दिसते. रिपोर्ट करणारे डॉक्टर अनुभवी असतील तर त्यांना शंका येते. रात्री अकराला शंभरावा स्कॅन बघणाऱ्याला येईलच असं नाही.

साडेतीन आणि नऊ

१.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकक्षेत्राच्या ताकदीचं माप) मॅग्नेटमध्ये पाण्यातले प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख गिरक्या घेतात. चरबीतले प्रोटॉन जरासे मंद असतात. फरक किती, तर दहा लाखांत साडेतीन. एक किलोमीटर मोजायला निघालात आणि साडेतीन मिलिमीटर कमी भरलं, एवढाच. हर्ट्झमध्ये सांगायचं तर १.५ टेस्लावर सुमारे २२० आणि ३ टेस्लावर त्याच्या दुप्पट, ४४०.

आपलं नेहमीचं फॅट सॅट या साडेतीन मिलिमीटरच्या फटीत काम करतं. चित्र घेण्याच्या ऐन आधी रेडिओलहरींचा एक पल्स बरोब्बर चरबीच्या वारंवारतेवर सोडला जातो. तो चरबीचे प्रोटॉन आडवे पाडतो, लगोलग ग्रेडियंट (जागेनुसार बदलणारं जादा चुंबकक्षेत्र) त्यांचा सिग्नल विस्कटून टाकतो, आणि ते सावरायच्या आत चित्र उरकून घ्यायचं. पाण्याला धक्का लागत नाही. अट एकच: चरबी जिथे असायला हवी त्याच वारंवारतेवर ती सगळीकडे सापडली पाहिजे.

इथेच घोडं अडतं. हवा आणि शरीर चुंबकक्षेत्राला वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि त्या प्रतिसादातला फरक दहा लाखांत नऊच्या वर आहे. तो सगळाच्या सगळा क्षेत्रात उतरत नाही. किती उतरेल ते अवयवाच्या आकारावर आणि मॅग्नेटच्या दिशेशी त्याचा कोन काय आहे यावर ठरतं. पण त्यातला पाव हिस्सा उतरला तरी पल्सचा नेम चुकायला पुरेसा आहे. म्हणून ही भानगड जिथे शरीर एकदम वळतं किंवा अरुंदाचं रुंद होतं तिथेच सापडते: मान जिथे खांद्याला मिळते तिथे, हनुवटीखाली, काखेत, बोटांत, घोट्यात. पोटरीच्या मधोमध कधी कोणाचं फॅट सॅट फसलेलं मी पाहिलेलं नाही.

चित्र वाचा, मग हात लावा

चरबी नेमकी कशी उरली आहे हे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

डाग कडेला, वळणापाशी असेल तर क्षेत्र सरकलेलं आहे. आता त्या डागाजवळचं पाणी बघा. क्षेत्र वरच्या बाजूला सरकलं असेल तर चरबी पल्सच्या तावडीतून निसटते आणि पाणी शाबूत राहतं. खालच्या बाजूला सरकलं असेल तर चरबी निसटतेच, वर चरबीच्या जागी पाणी सापडतं आणि तेच मार खातं. म्हणजे चरबी पांढरी आणि शेजारचा स्नायू काळवंडलेला, असं जोडीने दिसलं की खात्रीच समजा. अशा भागात खरी सूज असली तरी ती पुसली गेली असेल. पांढरा डाग निदान डोळ्यांवर तरी येतो. हे हरवलेलं पाणी कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

चरबी हळूहळू राखाडी होत गेली असेल, कडा कुठेच स्पष्ट नसतील आणि मशीन ३ टेस्लाचं असेल, तर पल्सची ताकद सगळीकडे सारखी पोचलेली नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या स्कॅनमध्ये हे जास्त दिसतं. तिथे साध्या फॅट सॅटऐवजी स्पेअर ही त्याचीच सुधारलेली पद्धत वापरा. त्यातला पल्स ताकदीतला चढउतार बराच सोसतो. पण वारंवारता चुकलेली असेल तर स्पेअरही काही जादू करत नाही, हे लक्षात ठेवा.

चरबी सगळीकडे एकसारखी, जराशी करडी उरली असेल तर तिच्या मागे लागू नका. चरबीचं एकच पीक, म्हणजे वारंवारतेच्या आलेखातलं टोक, नसतं. तिचा एक छोटा हिस्सा पाण्याच्या पीकला जवळजवळ चिकटून असतो आणि तो या पद्धतीने जात नाही. कोळशासारखी काळी चरबी हवी हा हट्ट आपला आहे.

आणि सगळं चित्रच उलटं असेल, म्हणजे चरबी चकचकीत आणि सांध्यातलं पाणी काळं, तर पुढचा भाग वाचा.

पीक कोणाचं पकडलं?

प्रीस्कॅन, म्हणजे स्कॅनआधीची जुळवाजुळव, करताना मशीन सिग्नलचा आलेख बघतं आणि सेंटर फ्रिक्वेन्सी ठरवतं. मेंदूत पाण्याचं पीक उंच आणि एकटं असतं, तिथे चूक होत नाही. गुडघ्यात दोन पीक शेजारी शेजारी उभे असतात. वयस्कर बाईंच्या स्तनाच्या स्कॅनमध्ये तर चरबीचं पीकच उंच. ऑटो प्रीस्कॅनने उंच दिसलं म्हणून चरबीलाच पाणी समजून पकडलं, की फॅट सॅटचा पल्स आणखी २२० हर्ट्झ खाली, जिथे कोणीच नाही तिथे जाऊन पडतो. तुमच्या मशीनवर वॉटर एक्सायटेशन (फक्त पाण्याचाच सिग्नल उठवायची पद्धत) लावलेलं असेल तर चित्र सरळ उलटंच येतं. सिलिकॉनचं इम्प्लांट असेल तर तिसरा पाहुणा येतो. सिलिकॉनचं पीक चरबीच्याही पलीकडे, आणखी खाली असतं.

उपाय सोपा आहे आणि मिनिटभराचा आहे: मॅन्युअल प्रीस्कॅन उघडा आणि डोळ्यांनी बघा. कन्सोलवर पाणी डावीकडे दिसतं की उजवीकडे हे कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे दुसऱ्या सेंटरवर पाठ केलेलं इथे लावू नका. एकदा मोकळ्या वेळी पाण्याची बाटली आणि शेंगदाणा तेलाची बाटली शेजारी ठेवून आलेख बघून घ्या, आधी एकेकटी आणि मग दोन्ही. कुठलाही कन्सोल असला तरी एक गोष्ट बदलत नाही: चरबी नेहमी कमी वारंवारतेच्या बाजूला असते. दोन पीकमधलं अंतर २२० च्या आसपास आहे का तेही मोजा. दोन्ही पीक एकमेकांत मिसळून एकच बसका डोंगर दिसत असेल तर फ्रिक्वेन्सीशी खेळून काही होणार नाही, शिम बिघडलाय.

एक फुकटची युक्ती. गाठ कुठे आहे ते दाखवायला आपण कातडीवर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतो. ती तेलाची असते. फॅट सॅटच्या चित्रात ती काळी पडली नाही, तर निदान त्या जागी तरी तुमचा नेम चुकलाय.

शिम, बैठक आणि दोन किलो तांदूळ

आता त्या संध्याकाळच्या घोट्याकडे परत येऊ. पाय टेबलाच्या उजव्या कडेला होता, कारण रुग्ण मधोमध झोपलेला आणि पाय जिथे आला तिथे कॉइल (सिग्नल पकडणारा भाग) लावलेलं. मॅग्नेटचं क्षेत्र मधोमध सर्वांत एकसारखं असतं, कडेला जावं तसं ते ढळतं. कंबर टेबलाच्या मधोमध असण्याची काहीच गरज नाही, घोटा हवा. रुग्णाला डावीकडे सरकवलं, एवढ्यानेच पट्टा निम्मा झाला. खांद्याच्या स्कॅनला हेच करावं लागतं. जाडजूड माणूस असेल तर पूर्ण मध्यावर आणता येत नाही, पण चार बोटं सरकला तरी फरक दिसतो. फक्त दुसरा दंड बोअरच्या, म्हणजे मॅग्नेटच्या बोगद्याच्या, भिंतीला टेकू देऊ नका, मध्ये पॅड घाला, नाहीतर भाजण्याचा धोका.

मग शिमची चौकट, म्हणजे ज्या भागापुरता शिम करायचा तो. आमच्या टेक्निशियन मुलाने ती ऐसपैस आखली होती, म्हणजे अर्धी चौकट हवेत. हवेला सिग्नल नसतो, तिथे मशीनला मोजायला काही मिळत नाही, आणि कडेच्या वाकड्यातिकड्या भागाचा हिशोब जमवता जमवता ते मधल्या चांगल्या भागाची वाट लावतं. चौकट कातडीच्या आत, ज्या हाडाबद्दल प्रश्न आहे त्याभोवती बसवा. मानेच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाचं टोक चौकटीत येऊ देऊ नका. आणि रुग्ण हलला किंवा तुम्ही त्याला सरकवलं, तर शिम पुन्हा करा. आधीच्या सिक्वेन्सचा (स्कॅनच्या एका फेरीचा) प्रीस्कॅन तसाच पुढे वापरण्याची सोय वेळ वाचवते खरी, पण मी अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथे पाहिलंय.

एवढं करूनही कडेला डाग राहिला तर तांदूळ. थट्टा नाही. कोरडा, न शिजवलेला तांदूळ चुंबकक्षेत्राला साधारण शरीरासारखाच प्रतिसाद देतो, पण त्यात मोकळं पाणी नसल्यामुळे चित्रात दिसत नाही. घोट्याच्या किंवा मानेच्या खोलगट भागात तांदळाची पिशवी घट्ट बसवली, की हवेची सीमा कातडीपासून दूर, पिशवीच्या बाहेरच्या कडेला जाते. क्षेत्रातला गोंधळही तिकडेच जातो. याच तत्त्वावर बनवलेले तयार पॅडही विकत मिळतात. आमच्याकडे मात्र वाण्याकडचा कोलम, एकेक किलोच्या दोन पिशव्या.

पिशव्यांबाबत माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची व्हायची नाही. पहिल्या वेळी मी हौसेने प्लॅस्टिकच्या पिशवीत तांदूळ भरला आणि तोंड स्टेपलरने बंद केलं. चार पिना. खोलीत नेण्याआधी हातातल्या मॅग्नेटने तपासायचं भान राहिलं नाही. फॅट सॅट सुधारायचं सोडून चित्रात मूठभर काळा खड्डा पडला आणि भोवती पांढरी प्रभावळ. पिना मॅग्नेटने खेचून उडवल्या नाहीत हे नशीब. तेव्हापासून पिशवी सुती, हाताने शिवलेली, वर पुसता येईल असं प्लॅस्टिकचं आवरण, तेही चिकटपट्टीने बंद. तांदूळ दमट होऊ द्यायचा नाही, पाणी धरलं की तो चित्रात उगवतो. आणि पावसाळ्यानंतर बदला, नाहीतर सोंडे होतात. पिशवीवर मोठ्या अक्षरांत "एमआरआयसाठी" असं लिहून ठेवा. आमच्या मावशींनी एकदा ती पँट्रीत नेऊन ठेवली होती.

अंगावरच्या वस्तूंबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगते. गाऊन घातल्यावरही केसांतली यू-पिन राहते, परकराच्या नाडीशी सेफ्टी पिन राहते, दंडातला ताईत "तो काढत नाही हो" म्हणून राहतो. सुरक्षेचा प्रश्न तर आहेच. पण खांद्याचं फॅट सॅट फसलं आणि त्याच बाजूला काळा खड्डा दिसला, तर शिमशी झुंजण्याआधी बाही वर करून बघा.

डाग कोणाचा, रुग्णाचा की मशीनचा?

कधीकधी मशीनही दोषी असतं. ते ओळखायची कसोटी साधी आहे: डाग रुग्णाबरोबर सरकतो की बोअरला चिकटून राहतो? मागच्या वर्षी आमच्याकडे कमरेच्या स्कॅनमध्ये तीन आठवडे डाव्या बाजूची चरबी दबत नव्हती. बाई असो, बुवा असो, जाडा असो, बारीक असो, जागा तीच. त्याच जागी पाण्याची मोठी बाटली ठेवून बघितली तर पीकही पसरट. सर्व्हिस इंजिनिअरला बोलावण्याआधी टेबलाच्या खाचा चाचपल्या. एका खाचेत केसांचा आकडा, असा रुतून बसलेला की पकडीने काढावा लागला. बोटभर लोखंड, पण मॅग्नेटच्या आत ते स्वतःच एक चुंबक होऊन बसतं. आकडा निघाला, डाग गेला. बाटलीवरही डाग दिसतो आणि खाचेत काही सापडत नाही, तेव्हाच फोन करा. आणि फोनवर "फॅट सॅट येत नाही" असं नुसतं सांगू नका. बाटलीचं चित्र, पीकची रुंदी आणि जागा सांगा. इंजिनिअर निम्म्या वेळात काम संपवतो.

छोट्या गावांतल्या ०.२ ते ०.४ टेस्लाच्या ओपन मशीनवर काम करणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. ०.३ टेस्लावर पाणी आणि चरबी यांच्यात जेमतेम ४५ हर्ट्झचं अंतर पडतं. एवढ्या फटीत पल्स घालणं जवळजवळ अशक्य, म्हणून तिथे चरबी वेगळ्या वाटेने हाताळणाऱ्या स्टिर किंवा डिक्सन या पद्धतीच, त्या पुढे येतातच. शिवाय ते कायम चुंबकाचे मॅग्नेट तापमानाला फार हळवे असतात, गरम झाले की क्षेत्र उतरतं. वीज बराच वेळ गेली असेल तर ती आल्याआल्या पहिला रुग्ण घेऊ नका. मॅग्नेटचं तापमान स्थिर व्हायला काही तास लागतात.

स्टिर: कमी देखणं, जास्त भरवशाचं

बिडर आणि यंग यांनी १९८५ मध्ये मांडलेला हा सिक्वेन्स वारंवारतेच्या भानगडीत पडतच नाही. चरबीचा टी-१, म्हणजे सावरून पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, छोटा असतो, हा एवढाच आधार. आधी सगळ्यांनाच उलटं करायचं, आणि चरबी परत येता येता शून्यावर पोचते त्या क्षणी चित्र घ्यायला सुरुवात करायची. तो क्षण चरबीच्या टी-१ च्या ०.६९ पट. १.५ टेस्लावर साधारण १५० ते १७० मिलिसेकंद, ३ टेस्लावर २०० च्या पुढे. १.५ चा प्रोटोकॉल ३ टेस्लावर तसाच उचलून लावला की चरबी सगळीकडे एकसारखी करडी राहते. ही चूक मी पुण्यात ३ टेस्लावर असताना एकदा पाहिली आणि एकदा केली.

प्लेट, स्क्रू, कृत्रिम सांधा असेल तर सरळ स्टिर घ्या, वेळ घालवू नका. धातूला अगदी लागून तेही फसतं, पण फॅट सॅटसारखी अख्ख्या चित्राची वाट लागत नाही. किंमत मोजावी लागते ती सिग्नलची: चित्र खरखरीत येतं आणि वेळ जास्त लागतो.

एक गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी: गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) दिल्यानंतर स्टिर नाही. कॉन्ट्रास्ट घेतलेल्या गाठीचा टी-१ आखडून चरबीच्या जवळ येतो, आणि जी गाठ उजळायला हवी तीच चरबीबरोबर गायब होते. रक्तस्रावाच्या काही अवस्था आणि दाट प्रथिनांचा द्रवही असाच दबतो. स्टिरवर काळं म्हणजे चरबी, असं समीकरण नाही.

डिक्सन: चुकलं तरी हरवत नाही

आता सगळ्यांत मजेदार पाहुणा. १९८४ मध्ये डिक्सन यांनी मांडलेली कल्पना अशी की चरबी मारायची कशाला, मोजून वेगळी काढू. पाणी आणि चरबी वेगवेगळ्या वेगाने फिरतात, म्हणजे घड्याळाच्या दोन काट्यांसारखे ते ठरावीक वेळाने एकत्र येतात आणि ठरावीक वेळाने एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. १.५ टेस्लावर साधारण २.३ मिलिसेकंदाला विरुद्ध, ४.५ ला एकत्र. ३ टेस्लावर १.१५ आणि २.३. एकत्र असताना घेतलेलं चित्र म्हणजे पाणी अधिक चरबी, विरुद्ध असताना घेतलेलं म्हणजे पाणी वजा चरबी. बेरजेच्या निम्मं केलं की पाणी, वजाबाकीच्या निम्मं केलं की चरबी. शाळेतलं गणित.

शाळेतल्या गणितात आणि इथे फरक एवढाच की उत्तराचं अधिक-उणे चिन्ह हरवतं. विरुद्ध चित्रात एका ठिपक्याची किंमत ४० आली, तर पाणी चरबीपेक्षा ४० ने जास्त की चरबी पाण्यापेक्षा ४० ने जास्त? नुसत्या उजेडावरून कळत नाही. ते सिग्नलच्या फेजवरून, म्हणजे त्या क्षणी काटा कुठल्या दिशेला आहे त्यावरून, काढावं लागतं, आणि फेजमध्ये क्षेत्राचा तोच जुना गोंधळ मिसळलेला असतो. १९९१ मध्ये ग्लोव्हर आणि श्नायडर यांनी तिसरं चित्र घेऊन तो गोंधळ मोजायची वाट दाखवली. आजच्या मशीनमधले हिशोब त्यापुढेही गेलेत, पण एक गृहीत अजून सगळ्यांच्या मुळाशी आहे: क्षेत्र एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यापर्यंत हळूहळूच बदलतं. म्हणून संगणक एका जागी उत्तर ठरवतो आणि तिथून शेजाऱ्याकडे, शेजाऱ्यापासून त्याच्या शेजाऱ्याकडे पसरत जातो.

मध्ये हवा आली की हा प्रवास थांबतो. दुसरा पाय, अंगापासून सुटलेला हात, यकृताचा वरचा घुमट: ही बेटं. तिथे संगणकाला नव्याने अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला की त्या अख्ख्या बेटावर पाणी चरबी होतं आणि चरबी पाणी.

माझ्या आठवणीतला एक प्रसंग. स्नायू क्षीण होत जाण्याच्या आजाराचा तरुण रुग्ण, दोन्ही मांड्यांचं डिक्सन. रिपोर्टिंग रूममधून फोन आला, "डावी मांडी पूर्ण चरबी झालीये, उजवी बरी आहे. एवढा फरक?" या आजारात स्नायूची जागा चरबी घेते, त्यामुळे वाचणाऱ्याला पटण्यासारखं होतं. मी चरबीचं चित्र उघडलं. डाव्या मांडीत कातडीखालची चरबी काळी, म्हणजे संगणकाच्या मते ते पाणी. कुठलाही आजार स्नायूची चरबी करेल, पण त्याच वेळी कातडीखालच्या चरबीचं पाणी करणार नाही. अदलाबदल. रुग्णाला परत बोलवावं लागलं नाही, कारण डिक्सनची हीच खुबी: पाण्याच्या चित्रातून जे गेलं ते चरबीच्या चित्रात जसंच्या तसं बसलेलं असतं. डाव्या मांडीपुरती दोन चित्रं अदलाबदल करून वाचली आणि काम झालं. फॅट सॅटमध्ये एकदा मारलेलं पाणी असं परत मिळत नाही.

म्हणून डिक्सन पाठवताना चारही चित्रं पाठवा: पाणी, चरबी, इन-फेज (दोन्ही एकत्र असतानाचं), आउट-फेज (दोन्ही विरुद्ध असतानाचं). डिस्क भरते म्हणून फक्त पाण्याचं चित्र ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. ती घातक आहे. अख्खी मांडी उलटली तर कोणाच्याही लक्षात येतं. यकृताच्या घुमटावर किंवा एकाच मणक्यात सुपारीएवढी अदलाबदल झाली, तर ती गाठीसारखी दिसते, आणि खरंखोटं करायला इन-फेज चित्राशिवाय पर्याय नसतो. इन-फेजमध्ये हिशोब झालेलाच नसतो, त्यामुळे अदलाबदलही नसते. तिथे गाठ नसेल आणि डागाची कड कात्रीने कापल्यासारखी तुटक असेल, तर संगणकावर संशय घ्या.

अदलाबदल टाळायची कशी? पुन्हा तेच: पाय एकमेकांजवळ बांधा, मध्ये तांदळाची पिशवी घाला, हात अंगाला लावून ठेवा, शिम नीट करा. तुमच्या मशीनवर कच्च्या डेटावरून पुन्हा हिशोब करायची सोय असेल तर रुग्ण टेबलावरून उतरण्याआधी वापरा.

आउट-फेज चित्रात अवयवांभोवती शाईने काढल्यासारखी काळी किनार दिसते. तो बिघाड नाही, सीमेवरच्या ठिपक्यांत पाणी आणि चरबी निम्मंनिम्मं असल्यामुळे ती एकमेकांना खोडतात. किनार दिसली म्हणजे उलट वेळ बरोबर साधली. ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं अशा थॅलेसेमियाच्या रुग्णांत मात्र वेगळी पंचाईत होते. यकृतात साठलेल्या लोहामुळे उशिरा घेतलेलं चित्र आपोआप काळं पडतं, आणि इन-फेज उशिरा घेतलेलं असल्याने हिशोब भलतीकडे जातो. तिथे दोन एकोवर (दोन वेळांना टिपलेल्या सिग्नलवर) भागवू नका, जास्त एको असलेला सिक्वेन्स लावा.

त्या घोट्याचं शेवटी काय झालं? सरकवून, शिमची चौकट आवरून आणि दोन्ही बाजूंनी कोलम कोंबून चौथं फॅट सॅट घेतलं. बाहेरच्या घोट्यावरचा पट्टा गेला, टाचेच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा डाग उरला. त्याच्यासाठी एक स्टिर घेतलं, तिथे टाच स्वच्छ काळी. टेक्निशियनच्या नोंदीत मुलाला लिहायला लावलं: "टाचेचा पांढरा भाग फॅट सॅटमधला दोष, स्टिरवर नाही." बाहेर ताटकळलेल्या दोघांपैकी पहिल्याची मान होती. पिशव्या टेबलावरच राहू दिल्या.